शुक्रवारचं मशीन

"दिव्या मशीनला लागली की माल जातो." चाकणच्या त्या प्लॅस्टिकच्या कंपनीत हे वाक्य पहिल्यांदा सुपरवायझर कुलदीप बोलला, आणि मग सगळे बोलायला लागले. विचार करायला लागत नाही ना, म्हणून.

माल जायचा, म्हणजे खराब निघायचा, तो शुक्रवारी, पहिल्या शिफ्टला. गुरुवारी कंपनीला सुट्टी. शुक्रवारी पाच नंबरच्या मशीनवर दिव्या उभी राहिली की गाडीच्या हेडलाइटच्या प्लॅस्टिकच्या काचेवर पांढरे ओरखडे. बाकीचे दिवस तिचा माल चोख असायचा, पण ते कुणाच्या तोंडी नव्हतं. तिचं ट्रेनिंग महिनाअखेर संपत होतं. कायम व्हायचं, नाहीतर घरी बसायचं.

दिव्याला संशय भैरूचा. भैरू जुना, कायम, इथल्याच गावचा. दर शुक्रवारी तिच्या मशीनपाशी यायचा, वर चढून प्लॅस्टिकच्या दाण्यांच्या टाकीत हात घालायचा, "जपून गं पोरी" म्हणायचा आणि निघून जायचा. त्यानंतर ओरखडे.

कायम करण्याआधी कंपनी लेखी परीक्षा घेते. त्यात एक प्रश्न होता: कॅन्टीनला मिसळ असते त्या दिवशी हजेरी जास्त असते, तर मिसळीमुळे हजेरी वाढते का? दिव्यानं बरोबर लिहिलं. मिसळ पगाराच्या दिवशी असते, हजेरी पगारामुळे.

परतीच्या बसमध्ये तिच्यासारखीच ट्रेनिंगवाली, सांगवीची स्वरूपा शेजारी होती. दिव्या म्हणाली, "भैरूच काहीतरी टाकतो दाण्यात."

"कशावरून?"

"तो येऊन गेला की माल जातो."

स्वरूपा हसायला लागली. "बाई, पेपरात काय लिहून आलीस तू?"

सांगवी येईपर्यंत दिव्याला पटलं. कुलदीप तिच्यावर जे ढकलत होता, तेच ती भैरूवर ढकलत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं भैरूला कॅन्टीनमागं गाठलं. "काका, माझ्या टाकीत काय करता?"

"दाणं वलं हायत का बघतो."

"आणि असतात?"

"दर शुक्रवारी. बुधवारी सांजच्याला कुलदीप ड्रायर बंद करतो. लाइट वाचती, सायेब त्याची पाठ थोपटत्यात. शुक्रवारी सकाळी चालू केला तर दाणं सुकाया दुपार व्हती."

"मग पाच नंबरला मीच का?"

"काचंचं दाणं पाच नंबरलाच, म्हून आमी कायमवाले शुक्रवारी पहिल्या शिफ्टला ते मशीन घेतच न्हाई. बदलून घेतो. ट्रेनिंगवाल्याच्या गळ्यात पडती. तुज्या आधी एक व्हता, त्याचाबी माल जायचा. गेला तो."

"आणि तुम्ही गप्प?"

"बोललो तर शुक्रवार माज्या गळ्यात येतो." भैरूनं तंबाखू थुंकली. "जपून म्हणत व्हतो की."

"जपून म्हणून दाणे सुकतात का, काका?"



दिव्या थेट मॅनेजर जयमाला मॅडमच्या केबिनमध्ये गेली. मिसळीचा प्रश्न त्यांनीच काढला होता. कुलदीप तिथंच बसलेला. "मॅडम, या गुरुवारी ड्रायर चालू ठेवा. शुक्रवारी मीच उभी राहते."

"हात वाकडा आणि दोष ड्रायरला," कुलदीप म्हणाला.

मॅडमनी ड्रायर चालू ठेवायला लावला.

शुक्रवारी मॅडम स्वतः मशीनपाशी आल्या. काचा आरशासारख्या निघत होत्या. कुलदीपनं एक उचलली, उजेडात धरली, ठेवली.

"बघा मॅडम. आज मन लावून केलं तर निघाला ना माल? म्हणजे इतके दिवस ही मुद्दाम बिघडवत होती."

आसपासचे दोघंतिघं माना डोलवायला लागले. लाज नावाची गोष्ट मशीनवर बनत नाही.

दिव्यानं हातमोजे काढले. "ठीक आहे. पुढच्या गुरुवारी ड्रायर बंद ठेवा. शुक्रवारी पाच नंबरला कुलदीपसर उभे राहतील. मन लावून."

"हे बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "कुलदीप, पहिली शिफ्ट."

कुलदीपनं मान खाजवली. "शुक्रवारी ना मॅडम, मला जरा गावी जायचंय."

भैरू मागं उभा होता. "शुक्रवारी समद्यांनाच गावी जायचं असतंय," तो म्हणाला. "धा वरसं बघतोय, मॅडम. ड्रायर बंद असला की कुणीबी उभं करा, माल जातो."

मॅडम दिव्याकडं वळल्या. मग म्हणाल्या, "दिव्या, तुझं कायमचं पत्र आज काढते."

दिव्या हो म्हणाली आणि परत मशीनला लागली. पत्र हातात पडेपर्यंत तिचा कुणावरच भरवसा नव्हता. मशीन चालू करण्याआधी तिनं भैरूसारखा टाकीत हात घालून दाणे चाचपले.