टाचेपाशी थांबलेला मोजा

मोजा आठ दिवस टाचेच्या अलीकडेच अडकला होता. करोलीनानं तो मोजून पाहिला. गेल्या सोमवारी वीतभर, आजही वीतभर. लोकरीला बारीक वळ्या पडल्या होत्या, एकदा विणून उसवलेल्या लोकरीला पडतात तशा.

सप्टेंबरअखेरचा मिकेलचा सण झाला की तिचा नवरा इसाक्की लाकूडतोडीला जंगलात जाणार, तो नाताळातच परतणार. मागच्या हिवाळ्यात विरलेल्या मोज्यांपायी त्याच्या डाव्या पायाचं एक बोट थंडीनं गेलं होतं. म्हणून नव्या मोज्यांचं काम तिनं अकरा वर्षांच्या लेकीवर, एडलावर सोपवलं होतं. शहरातून आलेल्या चित्रकार हेडविगबाईंपुढे चित्रासाठी बसायची परवानगीही एकाच अटीवर दिली होती: पोरगी रिकाम्या हातांनी बसणार नाही. आपली मुलगी कुणाच्या भिंतीवर आळशी म्हणून टांगली जावी, हे तिला चालण्यासारखं नव्हतं.

"रोज दोन तास बसतेस आणि मोजा जागचा हलत नाही! उसवतेस की काय?"

एडला बुटांकडे बघत म्हणाली, "संध्याकाळी. थोडासाच."

"थोडासाच म्हणे! बापाच्या पायात काय चित्र घालू?"

"टाच आली की टाके मोजावे लागतात, आई. मग माझ्या कपाळाला आठी पडते, ओठ हलतात. बाईंनी माझा चेहरा अजून पुरा काढलेला नाही."

"बाईंनी सांगितलं हे?"

"नाही. मीच ठरवलं."

करोलीना तरातरा धान्यकोठीकडे निघाली. हेडविगबाई उन्हाळाभर तिथेच राहत. बाई ब्रश धूत होत्या.

"या, करोलीना. कॉफी घेता?"

"भांडायला आलेय. कॉफी मग."

आणि तिची नजर चित्रावर गेली. एडला बाकावर बसली होती. हात करड्या मोज्यावर, पापण्या खाली, ओठ मिटलेले. हा चेहरा करोलीनानं शेवटचा पाहिला होता तो पाळण्यात. त्यानंतर ती पोरीला सारख्या हाकाच मारत आली होती: पाणी आण, गाय बांध, बटाटे सोल.

ती चित्राजवळ वाकली. मग म्हणाली, "तिसरा टाका सैल आहे."

"सैलच होता. तसाच काढलाय."

"अजून किती दिवस?"

"ऊन राहिलं तर चार."

कॉफी तिनं उभ्यानंच घेतली. घरी येऊन लोकरीचा दुसरा गुंडा काढला.

"तू तो उसवत बस," ती एडलाला म्हणाली. "जोडीचा मी विणते."

चुलीपाशी, गोठ्यात, बटाटे उकळेपर्यंत, चार दिवस तिच्या सुया थांबल्या नाहीत. पाचव्या दिवशी एडलानं टाच वळवली, कपाळाला भरपूर आठ्या घालून.

निघायच्या सकाळी इसाक्कीनं मोजे हातात घेतले. "एक साधा, एक कोकरासारखा कुरळा! असं कसं गं?"

"कुरळा डाव्या पायात घाला," करोलीना म्हणाली. "बोट गेलंय त्या. तो बारा वेळा विणलाय."