कवायतीच्या वहीतली सही

सकाळचे साडेसहा झाले होते. कोल्हापुरात शुक्रवार पेठेत बाळासोच्या दारात चार म्हशी उभ्या होत्या आणि कालिंदी त्यांचे शेण काढत होती. धार काढायची तिला बंदी होती.

तीन महिन्यांपूर्वी चारही म्हशी तिच्याच हाताला होत्या. मग मार्गशीर्षात मुंबईहून तार आली. तिचा नवरा नृसिंह ज्या मालवाहू जहाजावर टंडेल, म्हणजे खलाशांचा मुकादम होता, ते 'जलमोहिनी' जहाज बुडाले होते. एकोणीस माणसे गेली होती आणि त्यांत नृसिंह होता. त्याच दिवशी सासूने, धोंडुबाईने, तिच्या हातातली चरवी काढून घेतली.

"तुझ्या पायगुणानं माझा लेक गेला. म्हशी तरी ऱ्हाऊ देत."

दुधाला हात चालत नव्हता, शेणाला चालत होता. अपशकुनी हाताने शेण काढलेले चालते, हे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे ते मला अजून सापडलेले नाही.

नृसिंहाचे प्रेत मिळाले नव्हते, म्हणून कालिंदी कुंकू लावत होती. घरच्यांना तेच खुपत होते. थोरला दीर बाळासो याच्या मुलीचे, नंदिनीचे, लग्न वैशाखात ठरले होते. सोयऱ्यांनी निरोप धाडला होता, 'तुमच्या घरातली ती बाई सवाष्ण की रांडाव, ते आधी नक्की करा, मग अक्षतांचं बघू.'

घरच्यांनी ते नक्की केले. येत्या मंगळवारी पंचगंगेच्या घाटावर पळसाच्या पानांचा माणूस करून जाळायचा, त्याच्याबरोबर नृसिंहाची ट्रंक जाळायची, आणि तिथेच कालिंदीच्या बांगड्या फोडायच्या. जाऊ शालूबाईने पळसाची पाने मोजून ओल्या फडक्यात बांधून ठेवली होती. लग्नासाठी आणलेल्या नव्या चुड्यांची पेटी शेजारीच होती. एकाच फळीवर एकीच्या बांगड्या फोडायची तयारी होती आणि दुसरीच्या भरायची. त्यात कुणालाही काही वावगे दिसत नव्हते.

"कालिंदे, आज पावणं यायचं हायत," शालूबाई म्हणाली. "तू मागं परड्यात बस. चहाचं मी बघती."

"कुठलं पावणं?"

"मुंबईचं. कंपनीचं."

कालिंदीने पाटी खाली ठेवली, हात धुतले आणि परड्यात न जाता ती सोप्याच्या, म्हणजे पुढच्या पडवीच्या, दाराआड उभी राहिली.

दहाच्या सुमाराला ते दोघे आले. एक कंपनीचा अधिकारी होता, पांढरा शर्ट, हातात कातडी पाकीट. दुसरा जोतीराम. हा मलकापूरचा, नृसिंहाचाच जोडीदार, त्याला 'नरसू' म्हणणारा. जहाज बुडाल्यावर लाकडी फळ्यांना धरून जी पाच माणसे वाचली, त्यांतला एक. नृसिंह त्याला नेहमी घरी आणायचा. आज तो उंबऱ्यातच बसला, मान वर करीना.

"आत ये की रं," बाळासो म्हणाला. "लाजतोस काय नव्या नवरीगत?"

"हितंच बरा हाय, दादा."

अधिकाऱ्याने आधी दुःख व्यक्त केले. मग शालूबाईच्या हातचा चहा घेतला, साखर जरा जास्त आहे म्हणाला, आणि पाकिटातून एक टाइप केलेला कागद काढला.

"हे बघा, समुद्रावर माणसाच्या जिवाची काळजी घ्यायला साऱ्या देशांनी मिळून नियम केलेत. जहाजावर होड्या हव्यात. दर महिन्याला होडीची कवायत व्हायला हवी. चार महिन्यांतून एकदा तरी प्रत्येक होडी बाहेर झुलवून, जमेल तर पाण्याला लावून बघायला हवी. त्याची नोंद वहीत हवी. आमच्याकडे तीन वर्षांच्या नोंदी आहेत, सह्यांसकट. एक महिना चुकलेला नाही."

"मग बुडालं कसं वो?" धोंडुबाईने भिंतीला टेकून विचारले.

"वादळ, आजी. देवाची करणी. जहाज उजवीकडे कलंडलं. उजवीकडची होडी लाटेने फुटली. डावीकडची उतरवायचं काम नृसिंहकडे होतं." अधिकाऱ्याने आवाज मऊ केला. "तो घाबरला असावा. शिकवलेलं ऐन वेळी आठवलं नाही. होडी खाली आली नाही. आम्ही त्याला दोष देत नाही. पण चौकशीत तसं लिहावं लागेल. घरच्यांची काही तक्रार नाही, त्याला कवायत नीट शिकवली होती, एवढंच या कागदात आहे. इथे सही झाली की मृत्यूचा दाखला लगेच मिळेल."

"लगीच म्हंजे मंगळवारच्या आत?" बाळासोने विचारले.

"हो. आणि त्याची पत्रं वगैरे काही असतील, तर ती द्या. कंपनीच्या कामाची असतात."

"पत्रं ट्रंकंत हायत. मंगळवारी जळणारच हायत," बाळासो म्हणाला. "आणा पेन."

"थांबा, दादा."

कालिंदी दारातून पुढे आली. बाळासोच्या कपाळावर आठी चढली.

"तुला मागं बस म्हटलं हुतं न्हवं?"

"बसली असती. पर ह्ये म्हणत्यात, एकोणीस माणसं माझ्या मालकानं बुडवली. त्ये ऐकून कशी बसू?"

ती आत गेली आणि ट्रंक ओढत घेऊन आली. नृसिंह सातवी शिकलेला होता. कालिंदी लग्नात निरक्षर होती. नवऱ्याची पत्रे शेजारच्या चिमणाबाईच्या पोराकडून वाचून घ्यायची आणि त्याने खासगी ओळीला फिदीफिदी हसायचे, याचा तिला वीट आला. बाविसाव्या वर्षी तिने बायकांच्या संध्याकाळच्या वर्गात जाऊन पाटी धरली. पत्रे ती स्वतः वाची, स्वतः लिही. घरात हे कुणाला कौतुकाचे नव्हते.

तिने एक पत्र उघडले आणि एकेका शब्दावर बोट ठेवत वाचू लागली.

"'होडीला आज परत रंग दिला. हा सातवा थर असंल. गोव्यात तपासणारा साहेब यायचा हाय. खालचा गंज खरवडायचा म्हटलं तर मालमसाहेब म्हणतो येळ न्हाय. होडी खाली सोडायच्या कप्पीवर पण रंग मारला. आता कप्पी फिरत न्हाय. तपासणारा आला, खालनंच बघून छान म्हटला, वर गेला, कॅप्टनसंगं जेवला, गेला.'"

मालम म्हणजे कॅप्टनच्या हाताखालचा अधिकारी, हे नृसिंहाने मागे सगळ्यांना सांगितलेले होते.

"हे त्याचं वैयक्तिक मत झालं," कंपनीचा माणूस म्हणाला. "खलाशी अशा तक्रारी करतातच."

कालिंदीने दुसरे पत्र काढले.

"'होडीची डिरील, ती कवायत, कधीच होत न्हाय. दोन वर्सांत मी होडी पाण्याला लागल्याली बघितली न्हाय. महिना संपला की वही घेऊन पोरगं येतं, आमी रांगंनं सह्या करतो, जेवायला जातो. मी म्हटलं, साहेब, एकदा खाली सोडून तरी बघू. तर म्हणाला, कोल्हापूरचा न्हवं तू? तालमीत जाऊन जोर काढ, हितं डोकं चालवू नको.'"

शेवटचे एक पत्र कालिंदीच्या हातात होते. ते तिने उघडले आणि पुन्हा मिटले.

ते मिटून ट्रंकेत टाकले असते, तर कुणाला कळले नसते. आधीची दोन पत्रे पुरेशी होती. तीन महिने हे पत्र ती ट्रंकेतल्या कपड्यांच्या तळाशी लपवून ठेवत होती. मंगळवारी ट्रंक जळणार हे ऐकल्यावर तिला क्षणभर सुटल्यासारखे वाटले होते, आणि त्या वाटण्याची तिला स्वतःची किळस आली होती.

तिने पत्र उघडले.

"'तुला इचारलं हुतं, खोट्या वहीवर सही करू का नको. तू लिवलंस, करा सही, साहेबाशी भांडू नका, नोकरी सांभाळा. तुझं बरोबर असंल. म्हणून मी सही केली. आता इचारत न्हाय.'"

"म्हंजे?" शालूबाई पुटपुटली.

"म्हंजे मीच म्हटलं, करा सही." कालिंदी सासूकडे बघत होती. "आत्याबाई, दुष्काळाच्या साली मी माहेरात, हातकणंगल्याकडं, रस्त्याच्या खडीवर जात हुती. मुकादम न फोडलेल्या खडीवर आमचं अंगठं घ्यायचा. न आलेल्या बायांचंबी घ्यायचा. कुणाचं काय वाकडं झालं न्हाय. खडी कमी पडली तर रस्ता जरा खडबडीत. मला वाटलं, जहाजावरची वही बी तसलीच असंल. त्या वहीवर माणसं तरत्यात का बुडत्यात, ह्ये मला समुद्र न बघितल्याल्या बाईला काय ठाऊक! पर मी लिवलं. पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं कायतरी शहाण्यागत लिवलं, आन् त्ये ह्ये लिवलं."

बाळासो ताडकन उठला. "बघा! मी म्हणत न्हवतो? हिनंच खाल्ला त्याला!"

"पायानं न्हाय खाल्ला, दादा. पायाचं नाव आता घिऊ नका. माझी चूक ह्या कागदावर हाय, ती मी वाचून दावली. ह्यांची चूक त्यांच्या वहीत हाय. ती कोण वाचून दावणार?"

कंपनीच्या माणसाने घड्याळ बघितले. "बाई, तुमच्या भावना समजतात. पण वाचलेल्या माणसांनी लेखी दिलंय. कवायत दर महिन्याला होत होती. या जोतीरामनेच सही केलीय. विचारा त्याला."

सगळ्यांनी उंबऱ्याकडे पाहिले. जोतीरामला दुसऱ्या जहाजावर काम मिळायचे होते. ते याच कंपनीच्या हातात होते. म्हणूनच त्याला सोबत आणले होते, ओळखीचा माणूस म्हणून, जसा बाजारात गिऱ्हाईक फसवायला एक बोलका दलाल नेतात.

"जोतीराम भावजी," कालिंदी म्हणाली, "खरंच घाबरलं हुतं काय वो ते?"

जोतीरामने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"न्हाय वैनी. कप्पी फिरलीच न्हाय. रंगानं एक झालती. नरसू हातोड्यानं रंग फोडत हुता. आमाला म्हणला, तुमी फळ्या धरा, मी आलोच. शेवटपत्तूर हातोड्याचा आवाज येत हुता."

"जोतीराम! तुझी सही आहे!"

"हाय की, साहेब. तुमच्याकडं हायत त्या समद्याच सह्या तसल्याच हायत."

अधिकारी उठला. बाळासो त्याच्या पुढे हात जोडून उभा राहिला. "साहेब, बाईच्या नादाला लागू नका. मी थोरला हाय घरातला. मी करतो सही. आणा हिकडं."

तेव्हा धोंडुबाई भिंत सोडून पुढे आली. तिने तो टाइप केलेला कागद उचलला. तिला एक अक्षर वाचता येत नव्हते. कागद उलटा धरून ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग त्यावर थुंकली.

"माझ्या लेकाला ह्ये खुनी म्हणत्यात, आन् तू त्येच्याखाली सही करतोस, बाळासो? पोरीच्या अक्षतांसाठी?"

"आये, लगीन मोडंल."

"मोडू दे की मग!"

कालिंदी सासूच्या पाया पडायला वाकली. म्हातारीने पाय मागे घेतला.

"न्हाय. तुझं त्वांड मला बघायचं न्हाय. करा सही म्हणून तू लिवलंस, त्ये मी मरस्तवर इसरायची न्हाय. पर पत्रं घिऊन जा. जिथं चौकशी हाय तिथं जा. आन् ह्ये शेवटलंबी वाच तिथं. लपवलंस तर माझ्याशी गाठ हाय."

मंगळवारी घाटावर पळसाचा माणूस जळाला. सोयऱ्यांना दाखवायला बाळासोने तो जाळला. बांगड्या फोडायला जमलेल्या बायका तास-दीड तास उन्हात बसून राहिल्या, एकमेकींना विचारत राहिल्या, आणि घरी गेल्या. कालिंदी आणि जोतीराम आदल्या दिवशीच मुंबईच्या एस.टी.त बसले होते. पदरात पत्रांचे पुडके होते.

चौकशी एका मोठ्या हॉलमध्ये चालली होती. कंपनीच्या बाजूला चार माणसे होती, आणि ती कवायतीची वही लाल फितीत बांधून मेजावर ठेवली होती. स्वच्छ वही. तीन वर्षांचे महिने, प्रत्येकाखाली सह्या, कुठे शाईचा डागसुद्धा नाही. कालिंदीला त्यात नृसिंहाची सही दिसली. वळणदार, शेवटी एक रेघ. तिनेच त्याला एकदा म्हटले होते, तुमची सही साहेबासारखी आहे.

तिने पत्रे वाचली. शेवटचेही वाचले.

कंपनीचा वकील हेच वाक्य धरून उठला. त्याला मोठे घबाड सापडले होते.

"'करा सही, नोकरी सांभाळा.' हा सल्ला तुमचा?"

"व्हय."

"म्हणजे वही खोटी आहे हे तुम्हाला, कोल्हापुरात घरी बसून, माहीत होतं?"

"व्हय."

"आणि तरी तुम्ही गप्प बसलात. मग एकोणीस माणसांच्या मरणाला तुम्हीही जबाबदार नाही का?"

हॉलमध्ये कुणीतरी खाकरले. जोतीराम बाकावर अर्धा उठला आणि पुन्हा बसला.

"हाय की," कालिंदी म्हणाली. "ते सांगायलाच आली हाय. मला ठाऊक हुतं. माझ्या मालकास्नी ठाऊक हुतं. जोतीराम भावजींस्नी, मालमसाहेबास्नी, खालनं बघून वर जेवायला गेलेल्या तपासनीसास्नी, समद्यास्नी ठाऊक हुतं. मी माझं नाव लिवून दिलं. आता वकीलसाहेब, तुमी सांगा. ती वही खोटी हाय, ह्ये तुमास्नी कधी कळलं?"

वकिलाने हातातले कागद नीट केले. मग पुन्हा नीट केले. त्या हॉलमध्ये बसलेल्या अनेकांनी तेव्हा मेजावरच्या लाल फितीकडे न बघता खिडकीबाहेर बघितले.

वाचकहो, तुम्ही कुठे बघितले असते?