भेटीच्या खोलीचं मागचं दार

मित्रांनो, मी एक जुनं कुलूप आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, माझा तुमच्यावरसुद्धा अजून विश्वास बसलेला नाही. राग मानू नका. ज्याचा सगळ्यांवर विश्वास बसतो ते कुलूप कसलं?

माझा जन्म दिंडीगलचा. तमिळनाडूत कुलपं म्हटली की दिंडीगल. तिथल्या एका कारागिराने माझ्या पोटातल्या पट्ट्या कानशीने घासून घासून बसवल्या. किल्ली आत आली की ती खरी की खोटी हे आधी पाहायचं आणि मगच उघडायचं, हा संस्कार मला तिथे मिळाला. पुढे जनकोजी नावाच्या बँकेतल्या कारकुनाने मला विकत घेतलं आणि चेन्नईत, वेस्ट मांबलममधल्या आपल्या तळमजल्याच्या घराच्या मागच्या दारावर आतून लावलं. ही माणसं मूळची तंजावरची, मराठी. त्यांच्या घरचं मराठी जुन्या वळणाचं, मध्ये मध्ये तमिळ शब्द पेरलेलं. मी तेच शिकलो. तुमच्याशी मात्र जरा सांभाळून, तुमच्यासारखं बोलतोय.

तरुणपणी माझं कौतुक फार झालं. एकदा एका चोराने गल्लीतून दार ढकलून ढकलून घाम गाळला आणि हात हलवत परत गेला. जनकोजी आल्यागेल्याला मला दाखवत. पण ते वारले, मुलं परदेशी गेली, आणि पुढच्या दाराला आकडे दाबून उघडणारं एक नवं कुलूप आलं. आकडे काय, कुणीही पाठ करील! माझ्याकडे मात्र कुणी पाहीना. पावसाळे आले नि गेले, मी गंजत राहिलो.

मग ते घर सीतालक्ष्मी नावाच्या निवृत्त शिक्षिकेने भाड्याने घेतलं. मुलं तिला सीता मिस म्हणतात. ती तमिळ. तिने पहिल्याच दिवशी माझ्या पोटात खोबरेल सोडलं. मला वाटलं, एवढी माया कशाला? पाणी कुठेतरी मुरतंय. पण नंतर तिचं काम समजलं. जे आईवडील वेगळे झालेत आणि ज्यांच्यात भांडण किंवा भीती आहे, त्यांच्या मुलांना दुसऱ्या पालकाला सुखरूप भेटता यावं, म्हणून कोर्ट त्यांना तिच्याकडे पाठवतं. भेटायला येणारा पालक आधी येतो, तो मागच्या दाराने, म्हणजे माझ्या दाराने. मूल नंतर येतं, ते पुढच्या दाराने. त्याची खुर्ची पुढच्या दाराजवळ, म्हणजे नको वाटलं तर उठून जाता येतं. भेट संपली की मूल आधी निघतं, आणि ते दूर गेल्याशिवाय मी उघडत नाही. आईबाबांची गाठच पडत नाही. शिवाय सीता मिस सगळा वेळ खोलीत बसते आणि बोलणं तिला समजणाऱ्या भाषेतच व्हायचं, असा नियम. मला हे सगळं फार पटलं. संशयाची अशी व्यवस्थित मांडणी मी आधी कुठे पाहिली नव्हती.

तिथेच तनया आली. दुसरीतली मुलगी, समोरचे दात पडलेली. तिचे वडील विजयेंद्र शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहेत. तेही तंजावरकडचे मराठी. नवराबायको वेगळे राहू लागले तेव्हा एका शुक्रवारी विजयेंद्रने शाळेतून मुलीला परस्पर गाडीत घातलं आणि शनिवार-रविवार फोन बंद ठेवला. तिची आई नंदिता वेड्यासारखी शोधत फिरली. मुलगी सापडली, पण त्यानंतर नंदिताने घर बदललं आणि पत्ता कुणालाच दिला नाही. विजयेंद्रने तो शोधू नये असं कोर्टानेही बजावलं. ती तनयाला सोडायला यायची तेव्हा एक रिक्षा मध्येच सोडून दुसरी धरायची. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तरी मी तिच्यावरही संशय घेतलाच. वाटलं, ही मुलीला बापाविरुद्ध पढवत तर नसेल?

विजयेंद्रवर तर माझी नजर पहिल्या दिवसापासून होती. हा माणूस आला की दाराच्या कडीकडे पाही, खिडकीच्या गजांकडे पाही. एकदा तर त्याने बोटाने मला हलकेच हलवून पाहिलं. माझ्या मनात पाल चुकचुकली. पण मुलगी आली की त्याचा चेहरा असा उजळायचा की मलाही क्षणभर काही सुचायचं नाही. मग मी स्वतःला दटावायचो.

सुरुवातीच्या भेटी तमिळमध्ये झाल्या. शाळा, चित्रं, डोसा. मग एकदा विजयेंद्रने सीता मिसला विनवलं. मुलगी आमची भाषा विसरत चालली आहे, घरी आता बोलणारं कुणी नाही, थोडं मराठी बोलू का, असं त्याने डोळ्यांत पाणी आणून विचारलं. सीता मिस शिक्षिकाच. मुलाची भाषा जाते म्हटल्यावर तिचं काळीज हललं आणि तिने हो म्हटलं. खरं सांगू का मित्रांनो, मलाही बरं वाटलं. जनकोजी गेल्यापासून त्या घरात मराठीचा एक शब्द कानावर पडला नव्हता.

पहिल्यांदा गाणी झाली, फळांची नावं झाली. तनयाचं मराठी मोडकं, ती अर्धं तमिळ मिसळायची आणि दोघं हसायची. सीता मिस कोपऱ्यात दोऱ्यात मोगऱ्याची फुलं ओवत कौतुकाने पाहत असे. आणि मग हळूच प्रश्न आले. तुमच्या घराच्या खिडकीतून ट्रेनचा आवाज येतो का? नाही. शाळेत बसने जाता की चालत? बसने. संध्याकाळी काय ऐकू येतं? तनया म्हणाली, बाजूच्या सभेतलं गाणं ऐकू येतं, आणि देवळाची घंटा. विजयेंद्रने लगेच विषय पुन्हा फळांवर नेला. संगीतसभा आणि देऊळ म्हणजे मैलापूरची वस्ती, हे चेन्नईत शेंबड्या पोरालाही कळतं. मेल्या, ताकाला जाऊन भांडं लपवतोस होय! मी ओरडलो असतो, पण कुलपाला तोंड कुठे असतं? किल्लीचं भोक तेवढं असतं. आणि सीता मिसला एक अक्षर कळत नव्हतं. ती हसतच होती.

पुढच्या भेटीत त्याने खुर्ची पुढे ओढली. तनया खाली चटईवर बसून चित्रातल्या हत्तीला निळा रंग देत होती. तो अगदी मऊ आवाजात, लाडाने कण्णा म्हणजे सोन्या म्हणत, मराठीत म्हणाला, "रस्त्याचं नांव सांग, कण्णा. अम्माला नको सांगूं."

तनयाचा खडू थांबला. तिने बापाकडे पाहिलं, मग चित्राकडे. मी माझ्या पट्ट्या आवळून धरल्या. एवढीशी पोर, समोर लाडका बाप, आणि तिच्या एका शब्दावर तिच्या आईची सगळी झोप टांगलेली. उत्तर मराठीत आलं असतं तर ते त्या दोघांतच राहिलं असतं. पण जे मनापासून बोलायचं ते तनयाला तमिळमध्येच येतं. ती मोठ्याने म्हणाली, "नान सोल्लमाट्टेन, अप्पा." मी सांगणार नाही. आणि पुढे तमिळमध्येच, घर कुठे आहे ते सांगायचं नाही आणि तू ते विचारतोस हे अम्माला न सांगणंही मला जमणार नाही.

सीता मिसच्या हातातला दोरा थांबला. ती ओरडली नाही. तिने तनयाला पुढच्या दाराजवळच्या खुर्चीवर नेऊन बसवलं आणि विजयेंद्रला म्हणाली की आजची भेट इथेच थांबते, झालेलं सगळं मी कोर्टाला कळवणार. तो रडला. तनयाच्या वाढदिवसाला रस्त्याच्या पलीकडून एकदा तिला पाहायचं होतं, एवढंच, असं म्हणाला. असेलही. पण आज पलीकडे उभा राहणारा उद्या रस्ता ओलांडणार नाही, याची हमी कुणी द्यावी? सीता मिस म्हणाली की तुमचं खरं असेलही, पण पत्ता लेकराच्या तोंडून काढून घ्यायचा नाही. मराठीला परवानगी देण्यात माझीही चूक झाली, हेही ती म्हणाली.

मित्रांनो, मला खरं वाईट वाटलं ते पुढे. तनया रडत नव्हती. ती खाली मान घालून विचारत होती, "मी सांगितलं म्हणून आता अप्पा येणार नाही का?"

पोरीने आईला सांभाळलं, आणि त्याची शिक्षा आपल्यालाच होणार असं तिला वाटत होतं. सीता मिस तिच्यासमोर खाली बसली. तू अगदी बरोबर केलंस, म्हणाली. अप्पा येईल की नाही आणि कसा येईल, हे मोठी माणसं ठरवतील, ते तुझं काम नाही. मला माझ्या लोखंडी आयुष्यात पहिल्यांदा रडता येत नाही याचं दुःख झालं.

बरेच दिवस भेट झाली नाही. नंदिताने पुन्हा घर बदललं. तिला ही भेट कायमची बंद व्हावी असं वाटत होतं, आणि तिला कोण बोल लावील? पण तनया रोज अप्पाबद्दल विचारायची. शेवटी कोर्टाने पुन्हा परवानगी दिली. आता सीता मिसची खुर्ची दोघांच्या मध्ये, आणि बोलणं फक्त तमिळमध्ये. विजयेंद्र मागच्या दाराने आला, बसला. तनया पुढच्या दारात थबकली. ती आत येईना. तिने तिथूनच विचारलं, आज काय विचारणार?

विजयेंद्रने सीता मिसकडे पाहिलं, मग मुलीकडे. म्हणाला, "काही नाही. तुला जे सांगायचं असेल ते सांग."

तिने थोडा विचार केला. मग आत येऊन बसली आणि नव्या दाताबद्दल सांगू लागली. दात कसा टोकदार आहे, पेरू चावताना कसा लागतो. तो ऐकत राहिला.

माझा विजयेंद्रवर अजून विश्वास नाही. तो आला की मी त्याचा शब्द न् शब्द तपासतो, आणि सीता मिसही तपासते. तुम्हीही लक्षात ठेवा, कुणी मोठ्या माणसाने काही विचारून वर "सांगू नकोस" म्हटलं, तर ते दुसऱ्या मोठ्या माणसाला मोठ्याने सांगा, ज्याला कळेल अशा भाषेत. आणि मोठ्यांनो, अशी खोली, अशी माणसं, अशी जुनी कुलपं गंजू देऊ नका. संशय घ्यायचं काम आम्हाला करू द्या. आम्ही तो नीट घेतला, तरच त्या पोरीला तिच्या बापाला दाताची गोष्ट बिनघोर सांगता येते.