झाकणातून दिसलेला शनि

सास्तूरच्या शाळेच्या मैदानात शनिवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला दीड-दोनशे माणसं रांगेत उभी होती. वर ढग असे गच्च, की चांदणी सोडाच, चंद्र कुठं आहे तेही कळत नव्हतं. तरी दुर्बिणीला डोळा लावलेला प्रत्येक जण शनि बघून बाजूला होत होता. कुणी गालावर चापट्या मारून घेत होतं, कुणी हात जोडत होतं. दुर्बिणीच्या नळीला रुईच्या पानांची माळ घातलेली आणि तिपाईच्या पायांवरून तेल ओघळत होतं.

ती दुर्बीण आमच्या आकाशनिरीक्षण मंडळाची. मी त्या मंडळाची चिटणीस. आता तुम्हीच सांगा, माझं डोकं ठिकाणावर राहील का?

माईक धरून उभे होते मंडळाचे संस्थापक, आमचे राघवेंद्र सर. "मंडळी, ही साधी काच नव्हे. ढगाच्या आरपार जाणारी काच आहे. हिला पाऊसपाणी, आभाळ, कशाचाच फरक पडत नाही. साडेसातीचं मी काही बोलत नाही, ज्यानं त्यानं मनात काय ते समजून घ्यावं." बोलत नाही म्हणता म्हणता सगळं बोलून मोकळे.

याच सरांनी आठवीत असताना आम्हाला लिंबातून रक्त काढून दाखवलं होतं आणि सुरीला आधी काय लावलं होतं, तेही सांगितलं होतं. भरचौकात मांत्रिकाला उघडा पाडणारा हा माणूस. त्यांच्याचमुळं मी मंडळात आले.

त्या दिवशी मी काही सहज गेले नव्हते. मी सरकारी दवाखान्यात डोळे तपासते. सास्तूरच्या विठाबाईंचं सोमवारी मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. शुक्रवारी त्यांचा मुलगा उत्तरेश्वर येऊन सांगून गेला, "आई न्हाय म्हणतीय. मागल्या शनिवारी तिला दुर्बिणीत शनिदेव दिसला. डोळं बरं झालं म्हणती." त्यांचा उजवा डोळा आधीच गेलेला. डाव्यातला मोतीबिंदू इतका पिकलाय, की आणखी थांबलं तर आत दाब वाढून तोही कायमचा जाणार.

विठाबाई रांगेत पुढंच होत्या, शेजारणीचा हात धरून. मी विचारलं, "मावशी, काय दिसलं होतं?"

"लई उजेड, ताई. इतका उजेड म्या दोन वर्सांत बघितला न्हाय."

मी रांग मोडून दुर्बिणीला डोळा लावला आणि गारच पडले. शनि होता, भोवती ऐसपैस कडं होतं. अहो, यंदा शनीची कडी आपल्याला काठावरून दिसतात. चांगल्या दुर्बिणीतूनसुद्धा नुसती रेघ. हे सरांनीच जूनमध्ये फळ्यावर काढून शिकवलं होतं. शिवाय पृथ्वी फिरते, त्यामुळं ग्रह मिनिट-दोन मिनिटांत दुर्बिणीतून सरकून जातो, सारखी नळी हलवावी लागते. मी दोनशेपर्यंत आकडे मोजले. शनि जागचा हलला नाही.

"सर, हे काय चाललंय?"

त्यांनी माईक खाली घेतला. "तीन कार्यक्रम ढगांनी बुडवले, निवेदिता. लोक हसायला लागले होते. एकदाच करणार होतो. मग लोकच तेल घेऊन यायला लागले."

"आणि तुम्ही घालू दिलंत."

"आत्ता बोलू नकोस. मंडळाचं नाव जाईल. घरी बोलू."

मला रडूच येत होतं. वीस वर्षं ज्या माणसाचं बोट धरून मी चालले, तो मला गप्प बस म्हणत होता. मी दुर्बिणीचं झाकण उचललं आणि तिच्या तोंडावर घट्ट बसवलं.

"मावशी, आता बघा."

विठाबाई वाकल्या. "हाय की. उजेड तसाच हाय."

मागून बसप्पा नावाचा एक गडी म्हणाला, "झाकणातूनबी दिसतंय. काय ताकद हाय बगा काचंची."

घ्या. मी कपाळाला हात लावला. मग दुर्बीण खाली वळवून कडेला बांधलेल्या म्हशीवर रोखली आणि बसप्पालाच पुढं बोलावलं. तो बराच वेळ बघत राहिला.

"हितंबी शनीच हाय." तो सावकाश सरळ झाला. "आरं, म्हशीत शनि कसा आसंल?"

रांग हसली. मी डोळा लावायचं भिंग फिरवून बाहेर काढलं. त्याच्या खाली नखाएवढी फिल्म होती, तिच्यावर शनीचा जुना फोटो, आणि मागं काळ्या चिकटपट्टीनं बसवलेला किल्ल्यांच्या जुडग्यातला बारका दिवा. तो अजून जळत होता. मी ते सगळं बसप्पाच्या तळहातावर ठेवलं आणि ते हातोहात मागं गेलं. हसणं थांबलं. सर खुर्चीवर बसले.

झाकण काढून, साधं भिंग लावून मी दुर्बीण पुन्हा आभाळाकडं केली.

विठाबाईंनी बघितलं. "कायबी न्हाय. अंधार हाय."

"वर ढग आहेत, मावशी. ढग असले की एवढंच दिसतं. सोमवारी दवाखान्यात या."

त्या माझ्याकडं वळल्या. "तुमच्या सरांनी मला खोटं दावलं. तुमीबी त्येंच्यातल्याच. मंग ऑपरेशनचं तुमी खरं सांगताय, ह्ये म्या कशावरनं धरू?"

त्यांचं काय चुकलं होतं?

"धरू नका," मी म्हटलं. "माझ्यावर विश्वास ठेवू नका, सरांवर तर नाहीच. तुमचं तुम्हीच पारखा." उत्तरेश्वर मोटारसायकल लावून नुकताच आला होता. मी त्याला खूण करून शाळेच्या दिव्याखाली, आईपासून चार हातांवर उभं केलं. "पिकलेल्या मोतीबिंदूतूनसुद्धा दिवा दिसतो, मावशी. समोर कोण आहे सांगा."

विठाबाई डोळे बारीक करून बघत राहिल्या. मान इकडं केली, तिकडं केली.

"बाईमाणूस हाय का?"

"आई, म्या हाय," उत्तरेश्वर म्हणाला.

त्या चाचपडत पुढं गेल्या, त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि माझ्याकडं न वळता विचारलं, "सोमवारी किती वाजता यायचं?"

मी वेळ सांगितली. सरांचे त्यानंतर चार फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे. दाखवणारा बाबा असो, नाहीतर आपल्याला अक्षरं गिरवायला शिकवणारे सर असोत, त्याच्या शब्दावर आपले डोळे सोपवू नका. स्वतः तपासा, आणि मी सांगते तेही तपासूनच घ्या.