नेफ्याचा मांडव

मोताळ्याचे पंजाबराव नागपूरला राहून बी. ए. झाले होते, आणि त्या बी. ए.ने आपलं नेमकं किती नुकसान केलं, याचा विचार ते अधूनमधून एकटेच करत बसत. त्या नुकसानात पहिला मान व्याह्यांचा होता.

दोन वर्षांपूर्वी सिंधूचं लग्न झालं, तेव्हा नवऱ्या मुलाचे वडील उकंडराव रुसले होते. रुसले म्हणजे रीतीप्रमाणे रुसले. वरबापाने लग्नात एकदा रुसायचं, मांडव सोडून लांब झाडाखाली जाऊन बसायचं. मुलीकडच्यांनी गूळपाणी घेऊन मागे जायचं, हातापाया पडायचं, डोक्याला नवा फेटा बांधायचा. मग त्याने कुरकुरत उठायचं. तो उठणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यालाही ठाऊक असतं. उकंडराव लिंबाखाली बसले. पंजाबराव मागोमाग गेले, पण फेटा न घेता भाषण घेऊन गेले.

"उकंडराव, रुसवा हे मागासलेपणाचं लक्षण आहे," ते म्हणाले. "आता आपलं नवं राज्य झालं आहे. काही मनात असेल तर माणसाने ते स्पष्ट बोलावं."

उकंडरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग ते स्वतःच उठले, स्वतःच धोतर झटकलं आणि पंगतीला न बसता बैलगाडीत जाऊन बसले. रुसवा कुणी काढलाच नाही, त्यामुळे तो तसाच राहिला. तेव्हापासून सिंधू माहेरी आली नव्हती. आणायला गेलं की टाकळीहून उत्तर ठरलेलं: आता कापूस वेचणीला आलाय, आता गहू काढणीला आलाय, आता सासूचा गुडघा धरलाय. उकंडरावांच्या शेतातली पिकं आणि त्यांच्या बायकोचा गुडघा यांनी आपसात पाळ्या लावून घेतल्या होत्या.

"एक फेटा बांधला असता त काय हात झडले असते तुमचे?" पंजाबरावांच्या पत्नी शालूबाई दर सणाला विचारायच्या. बी. ए.च्या अभ्यासक्रमात फेटा नव्हता.

आणि आता टाकळीहून लग्नाची अक्षत आली. उकंडरावांच्या धाकट्या मुलीचं लग्न, फाल्गुनात. पंजाबरावांनी मनाशी पक्कं केलं की या लग्नात आपण आदर्श व्याही व्हायचं. काही मागायचं नाही, कशाला नाव ठेवायचं नाही, कुणाला तोशीस द्यायची नाही. उकंडरावांना आपल्याविरुद्ध बोट दाखवायला जागाच ठेवायची नाही. मग शेवटी हळूच सिंधूची गोष्ट काढायची.

यासाठी त्यांच्याकडे साधन होतं. लष्कराच्या लिलावात त्यांनी एक मोडका ट्रेलर घेतला होता, का घेतला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्याच्यावर पत्र्याची खोली चढवून, आत दोन बाकडी आणि खिडकीला पडदा लावून त्यांनी त्याची घरगाडी केली होती. जीपच्या मागे ती जोडली की माणूस घरासकट कुठेही जाऊ शकत होता. मोताळ्यातले लोक तिला पंजाबरावचा डबा म्हणत.

"लेकीच्या सासरी जाऊन आपल्याच डब्यात झोपाचं?" शालूबाईंनी विचारलं. "लोकं काय म्हनतीन?"

"म्हणतील, व्याही असावा तर असा. ना खाट मागितली, ना गादी."

"मले हे लक्षण काई बरं नाई दिसून राह्यलं."

शालूबाई शिकलेल्या नव्हत्या, म्हणून पंजाबरावांनी ते मनावर घेतलं नाही.

अडचण फक्त उन्हाची होती. फाल्गुनातल्या दुपारी त्या पत्र्याच्या खोलीत भाकरी भाजता आली असती. म्हणून दारासमोर सावलीसाठी एक कापडी छत हवं होतं: एक कड घरगाडीच्या टपाला आणि पुढची कड दोन काठ्यांवर. अब्दुल गनी टेलरांनी जाड मांजरपाटाचं छत शिवून दिलं. त्याला पितळी कड्या होत्या, टपाला आकडे होते, आणि प्रत्येक कडी त्याच्या आकड्याला दोरीने बांधायची होती.

पहिल्या दिवशी पंजाबराव शिडीवर चढले. एका टोकाची दोरी बांधून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिली सुटायची. ती बांधायला मागे आले की मधली सुटायची. खाली अब्दुल गनी कापड धरून उभे होते आणि वारा आला की कापडाबरोबर जात होते.

"भाऊसाहेब," ते कापडाच्या आतून म्हणाले, "शिलाईत खोट नाही हां. शिलाई अपनी पक्की आहे. चुकत असेल तर तुमची गाडी चुकतेय."

अखेर छत लागलं, तोवर सूर्य पलीकडे गेला होता आणि घरगाडीने आपल्या दुसऱ्या बाजूला आपोआप सुंदर सावली पाडली होती. मोताळ्याची चार-दोन रिकामी माणसं तिथे आधीच जाऊन बसली होती.

युक्ती सुचली ती न्हाणीघरात. पायजम्याची नाडी नेफ्यात ओवता ओवता पंजाबराव थांबले आणि तशीच अर्धी ओवलेली नाडी हातात धरून अंगणात आले. टपाच्या कडेला आकड्यांऐवजी लांबच लांब लोखंडी नळी बसवायची, तिला लांबीभर चीर ठेवायची. छताच्या कडेत जाड दोर शिवून टाकायचा. नळीच्या एका तोंडातून दोर आत घालायचा, दुसऱ्या तोंडाकडून ओढायचा. चिरेतून कापड बाहेर लोंबत राहणार, दोर आतच अडकलेला. शिडी नको, गाठ नको. दोर तेवढा सुताचाच हवा, हा पंजाबरावांचा आग्रह. अब्दुल गनींनी काथ्या सुचवला होता. पण कापसाच्या मुलखात राहून काथ्या वापरायचा म्हणजे काय, असं म्हणून पंजाबरावांनी त्यावरही थोडं बोलून घेतलं.

दोर पहिल्यांदा अडला. नळीत कपडे धुण्याचा साबण कोरडाच घासला, आणि मग असा सरकला की ओढणारे अब्दुल गनी उताणे पडले. छत लावायला आता चिलीम भरायला लागतो तेवढाही वेळ लागत नव्हता. बाजाराच्या दिवशी पंजाबरावांनी ते भर चौकात लावून दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या शिक्षणाचं कुठेतरी चीज झालं, असं पंजाबरावांना बऱ्याच वर्षांनी वाटलं.

लग्नाच्या दिवशी घरगाडी टाकळीला पोचली, तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. आपण केलेलं छत सिंधूच्या सासरी कसं शोभतं ते बघायला अब्दुल गनीही सोबत आले होते. कुणाच्या पायात येऊ नये म्हणून पंजाबरावांनी गाडी लग्नाच्या मांडवापासून जरा लांब, पानं झडलेल्या एका लिंबाखाली उभी केली. उन्हाची तिरीप येऊ नये म्हणून दार मांडवाच्या उलट दिशेला केलं. उकंडरावांची माणसं पाण्याचे तांबे घेऊन स्वागताला निघाली होती. ती अर्ध्या वाटेवर असतानाच अब्दुल गनींनी दोर ओढला आणि छत उभं राहिलं.

माणसं जागच्या जागी थांबली.

जुन्या कड्या-आकड्यांचं छत असतं, तर ती येऊन पोचली असती, शिडी धरायला लागली असती, काय चाललंय ते विचारलं असतं, चार थट्टा झाल्या असत्या. पण पंजाबरावांनी विचारायला वेळच शिल्लक ठेवला नव्हता. लोकांना दिसलं ते एवढंच: सिंधूच्या बापाने आल्या आल्या, लग्नमांडवाकडे पाठ करून, आपला वेगळा मांडव घातला.

"इवाई रुसले!" एकजण ओरडला आणि सगळे तांबे हिंदकळत माघारी गेले.

थोड्या वेळाने पाचसहा वडीलधारी मंडळी आली. पंजाबराव छताखाली बसून शालूबाईंनी बांधून आणलेल्या दशम्या खात होते. कुणाला तोशीस नको म्हणून.

"इवाई, आमचं काय चुकलं?"

"छे छे, काही नाही. सगळं उत्तम आहे."

मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. रुसलेला माणूस नेमकं हेच म्हणतो.

"मंग पंगतीले चाला."

"आमचं झालं की. आम्ही घरूनच आणलं."

एका म्हाताऱ्याने डोळ्याला पदरासारखं उपरणं लावलं. "सोताचं अन्न! पोरीच्या सासरी सोताचं अन्न!"

"अहो, मी रुसलेलो नाही!" पंजाबराव जरा मोठ्यानेच म्हणाले.

"लय तापले हायेत," म्हातारा मागच्याला हळूच म्हणाला. "पानी मारा, पानी."

आणि पाहुण्याला गारवा मिळावा म्हणून गड्यांनी घागरीच्या घागरी आणून छतावर ओतायला सुरुवात केली. अब्दुल गनी "कपडा आटेल, भाई, कपडा आटेल!" म्हणत मधे धावले, तर त्यांच्यावरही एक घागर पडली. शालूबाई आत बाकड्यावर बसून होत्या. त्यांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

शेवटी उकंडराव आले. हातात नवा फेटा होता, मागे गूळपाण्याचं ताट होतं. मांडवात नव्या व्याह्यांचं वऱ्हाड बसलेलं, आणि त्याच्यासमोर जुना व्याही झाडाखाली. उकंडराव बिचारे घामाने भिजले होते. लिंबाखाली बसलेल्या पंजाबरावांकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"इवाई," उकंडराव म्हणाले, "रुसवा म्हंजे मागासलेपना. मानसानं मनात असन ते स्पष्ट बोलावं."

आपलं भाषण दोन वर्षांनी इतकं वाईट ऐकू येईल, असं पंजाबरावांना तेव्हा वाटलं नव्हतं.

"उकंडराव, आईशप्पथ, मी रुसलो नाही."

"काऊन? रुसा ना. मीबी रुसलो होतो. मले तेवा कोनी फेटा नाई बांधला." असं म्हणून उकंडराव वाकले आणि आपल्या हाताने त्यांना फेटा बांधायला लागले. जरा जास्तच आवळून बांधला. "आता सांगा. काय पायजे?"

काही मागायचं नाही, हा पंजाबरावांचा मोताळ्याहून सांभाळून आणलेला निश्चय. पण डोक्याला फेटा घट्ट बसला होता, भोवती गाव उभं होतं, आणि गर्दीच्या मागे घागर कमरेवर घेऊन सिंधू उभी होती. वाळली होती. बापाकडे न बघता बघत होती.

"मले माही पोरगी पायजे," पंजाबराव म्हणाले. नागपूर कुठल्या कुठे गेलं. "आखाजीच्या सणापर्यंत माहेरी धाडा. दुसरं काई नको."

उकंडरावांनी गुळाचा खडा त्यांच्या हातावर ठेवला. "पाहू," एवढंच म्हणाले आणि मांडवात गेले. पंजाबरावांनाही लोकांनी हाताला धरून नेलं आणि पंगतीत सर्वांत वरच्या पाटावर बसवलं. दशम्यांवर त्यांना पुन्हा सगळं जेवावं लागलं.

लग्न लागलं. उन्हं कलली तेव्हा नवऱ्या मुलीची पाठवणी झाली. बैलगाडी वळणाआड गेली, धूळ खाली बसली, बायका डोळे पुसत आत गेल्या, तरी उकंडराव रस्त्यातच उभे होते. मग ते तडक घरगाडीकडे आले. डोळे लाल होते.

"सिंधूले घेऊन जा."

"आखाजीपर्यंत?"

"आखाजीपर्यंत. पन आत्ताच्या आत्ता निंगा. मी मोठा खुनशी मानूस हाय, इवाई. सकाळी माहं मन फिरलं त मले दोष देऊ नका."

सिंधू बोचकं घेऊनच आली. ते इतक्या लवकर कसं बांधून झालं, हे तिच्या सासूने विचारलं नाही. गुडघ्याने तिला त्या दिवशी बरं वाटू दिलं होतं.

"ओढा, गनीमियाँ!" पंजाबराव म्हणाले.

अब्दुल गनींनी दोर ओढला. दोर हलला नाही. दोघांनी ओढला. मग सिंधूच्या नवऱ्याने आणि दोन गड्यांनी ओढला, तेव्हा दोराऐवजी घरगाडी थोडी सरकली. दुपारभर घागरी पिऊन वऱ्हाडातलं सूत असं फुगलं होतं की नळी आणि दोर आता एकच वस्तू झाली होती. लावायला सोपं करताना काढायचं काय, हा विचार पंजाबरावांच्या युक्तीत कुठेच नव्हता.

"मी काथ्या म्हटला होता," अब्दुल गनी म्हणाले. "खैर."

"कापून टाका," शालूबाई म्हणाल्या.

"आजच्या दिवशी मांडवाले कात्री?" उकंडराव कडाडले. त्यांचं मन फिरायला सकाळच लागेल असं काही दिसत नव्हतं. "माह्या दारात? नाई!"

मग दुसरा उपायच नव्हता. अब्दुल गनी जीपवर बसले. त्यांना गाडी पहिल्या गिअरमध्येच येत होती, ते एका परीने बरंच झालं. सिंधू आणि शालूबाई घरगाडीच्या दारात पाय सोडून बसल्या. छताची एक काठी पंजाबरावांनी खांद्याला लावली. दुसरी कोण धरणार म्हणून त्यांनी वळून पाहिलं, तर ती उकंडरावांनी आधीच उचलली होती.

"येशीपर्यंत पोचवाची रीत हाय," ते समोर बघत म्हणाले.

अशी ती मिरवणूक टाकळीतून निघाली: पुढे कण्हत चाललेली जीप, मागे डबा, डब्याला लोंबणारा ओला मांडव, आणि तो धरून चालणारे दोन फेटेवाले व्याही. ओट्याओट्यावरून लोक हसत होते. सिंधूही हसत होती. ते हसू पंजाबरावांनी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्यांनी काठी आणखी थोडी उंच केली.

"इवाई," वेशीजवळ उकंडराव म्हणाले, "मी त त्या दिवशी सोताच उठून गेलो होतो. तुमचा मांडव त उठून नाई राह्यला."

सूत भिजलं की का फुगतं, याचं शास्त्र सांगायला पंजाबरावांनी तोंड उघडलं. दारात बसलेल्या सिंधूने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

पंजाबरावांनी तोंड मिटलं आणि काठी दुसऱ्या खांद्यावर घेतली.