निकासियोच्या तोंडची नळी

वय झालं माझं, मित्रांनो. अंगावरची झळाळी गेली, मधोमध थोडा बाक आला, पण अजून मी स्वयंपाकघरातल्या फळीवर आपल्या जागी असते. येर्बा नावाच्या कडू पानांचा काढा ओढून प्यायची नळी मी. खालच्या टोकाला गाळणी, वरच्या टोकाला चपटं तोंड. लोक मला चांदीची म्हणतात आणि मी त्यांना म्हणू देते. खरं तर मी जर्मन सिल्व्हरची.

लगामाच्या कड्या बनवणाऱ्या एका कारागिराने मला घडवलं आणि गळ्यात पितळेचं कडं चढवलं. ब्लांका नावाच्या मुलीने मला लग्नाच्या आदल्या दिवशी निकासियोच्या हातात ठेवलं. निकासियो मेंढ्यांची लोकर कातरायचा. ओलिमार नदीकाठच्या आमच्या गावातून तो टोळीबरोबर कुरणाकुरणांवर फिरायचा, आणि मी त्याच्या कमरपट्ट्यात खोचलेली असायची.

आमच्याकडे येर्बा एकट्याने पिण्यात मजा नसते. पेला एक, नळी एक, आणि माणसं गोल करून बसलेली. एकजण गरम पाणी ओतून पेला भरून देतो, पिणारा तो तळापर्यंत ओढतो आणि परत करतो, मग तो पुढच्यासाठी भरला जातो. यात एक गोष्ट कोणी शिकवत नाही पण सगळ्यांना येते. नळी पुसायची नाही. आधीच्याच्या ओठांवरून आली तशी ती आपल्या ओठांना लावायची. पुसणं म्हणजे तुझ्या तोंडाची मला किळस येते, असं सर्वांदेखत सांगणं.

त्यामुळे मला माणसं चेहऱ्याने कमी आणि तोंडाने जास्त कळतात. निकासियो विचारात पडला की मला उजव्या दाढेखाली धरायचा. त्याचे व्रण माझ्यावर अजून आहेत. पुढे त्या दाढा गेल्या, मग पुढचे दात गेले, आणि एकदा तो शहरात जाऊन वरच्या दातांची अख्खी कवळी बसवून आला. आपले दात खोटे आहेत हे कोणाला कळू द्यायचं नाही, असं त्याने ठरवून टाकलं. माणूस मोठा मानी. रोज संध्याकाळी ब्लांका स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची, त्याची कवळी घासायची, आणि दार उघडायच्या आत ती परत त्याच्या तोंडात बसलेली असायची. त्यांची मुलगी नेलिदा याच घरात लहानाची मोठी झाली, पण तिला याचा पत्ता नव्हता.

ब्लांका गेली. काही वर्षं निकासियोने स्वतःच निभावलं. मग त्याचे हात कापायला लागले, इतके की कवळी निघेना. मुलीला सांगायचं तर लाज आड यायची, म्हणून कवळी निघालीच नाही. नेलिदा रोज सकाळी त्याच्या हातात ब्रश द्यायची. तो न्हाणीघरात जायचा, ब्रश ओला करून परत आणायचा. शेजारणींना ती कौतुकाने सांगायची, "पंच्याऐंशीचे झालेत, पण दात बघा, एक हललेला नाही."

मी ऐकायची. नळीला दुसरं काय जमतं?

त्या रविवारी अंगणात द्राक्षाच्या वेलाखाली तिघं बसले होते. नेलिदा, निकासियो आणि त्याच्या टोळीतला जुना दोस्त बाल्दोमेरो. नेलिदा पेला भरून देत होती. निकासियोने मला तोंडात घेतलं आणि त्याचा खांदा आखडला, कारण मी गरम होते आणि त्याच्या तोंडात सगळं सोललेलं होतं. मी परत गेले तेव्हा माझ्या टोकाला कुजकट वास होता आणि रक्ताची पुसट रेघ. नेलिदाने पाणी ओतलं, आणि काही मनात न आणता ॲप्रनच्या टोकाने मला पुसलं.

बाल्दोमेरो खाली फरशीकडे बघायला लागला. निकासियो मात्र तिच्या हाताकडेच बघत होता.

दुसऱ्या दिवसापासून तो "मला नको" म्हणू लागला. आधी येर्बा सोडली, मग मांस सोडलं, मग पाव, मग सूपसुद्धा. ओठ मिटून बसायचा. बोललाच तर तोंडासमोर रुमाल धरून. डॉक्टर आले, छाती तपासली, पोट दाबून पाहिलं आणि वय झालंय म्हणाले. नेलिदा रात्रंदिवस झिजत होती, चमचा घेऊन त्याच्या मागे मागे फिरत होती. शेवटी एक दिवस तिने कपाटातून त्याचा काळा सूट काढून उन्हात घातला. आमच्याकडे माणसाला पुरताना असा सूट घालतात, त्यामुळे तो कशासाठी, ते मला कळलं. निकासियोलाही कळलं असणार, खिडकी त्याच्या समोरच होती.

बाल्दोमेरो आला तो सूट बघूनच आत शिरला.

"काय रे, कुणाच्या लग्नाला निघालास?"

निकासियोने मान फिरवली.

"तीन आठवडे झाले, धड काही घेत नाहीत," नेलिदा म्हणाली. "बाल्दोमेरोकाका, तुम्हीच सांगा त्यांना."

बाल्दोमेरोने आपली कवळी तोंडातून काढली आणि टेबलावर बिस्किटांच्या बशीशेजारी ठेवली. त्याचे गाल आत गेले.

"ही माझी," तो बोबडं बोलत म्हणाला. "आता तुझी काढ."

"अहो काका, बाबांचे दात खरे आहेत."

"खरे? पोरी, तुझ्या बापाचे खरे दात मी माझ्या हाताने पकडीने उपटलेत. कातरायच्या शेडमध्ये. दोघं जण याला धरून बसले होते, आणि शिव्या मला घालत होता."

"गप्प बस, गाढवा," निकासियो रुमालामागून म्हणाला.

"बसतो की. तू तोंड उघड, मी बंद करतो."

निकासियोचे डोळे भरून आले. "हिने नळी पुसली," तो म्हणाला. "माझ्यानंतर. मी बघितलं."

नेलिदा जागच्या जागी उभी राहिली. आपण तसं केलं होतं हे तिला तेव्हा कुठे आठवलं. ती त्याच्या पायाशी खाली बसली आणि त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. "बाबा, मला वाटलं तू चाललास," एवढंच ती म्हणाली. त्याने कापरा हात तिच्या केसांवर ठेवला. आणि मग, मित्रांनो, त्या मानी माणसाने मुलीसमोर तोंड उघडलं.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी हलक्या हाताने कवळी सोडवली. कवळीने झाकलेली टाळू लालभडक होती, तिच्यावर पांढरी बुरशी, आणि कवळीच्या काठाने पडलेली जखम.

"यांची भूक मेली नव्हती," त्या म्हणाल्या. "यांना घास पोळत होता."

औषध दिलं. रोज कवळी काढून मऊ ब्रशने घासायची, झोपताना पाण्यात ठेवायची, हिरड्या आणि जीभ ओल्या कापडाने पुसायची, असं समजावून सांगितलं. तोंड बरं होईपर्यंत पेला आणि नळी वेगळी ठेवायलाही सांगितलं. बाल्दोमेरोला हे पटलं नाही, पण त्याने ऐकलं.

पहिल्या संध्याकाळी निकासियोने कवळी काढली आणि लगेच हाताने तोंड झाकलं.

"फार म्हातारा दिसतो का गं?"

"दिसतोसच," नेलिदा म्हणाली. "आहेस तर दिसणारच. आ कर."

तो हसला. किती तरी दिवसांनी मी ते ऐकलं. महिन्याभरात तो मऊ शिजवलेलं मटण खाऊ लागला आणि वर मीठ कमी पडलंय म्हणून कुरकुरही करू लागला. तो सूट पुन्हा कपाटात गेला.

अर्थात म्हातारपण कोणी धुऊन काढू शकत नाही. पुढच्याच्या पुढच्या हिवाळ्यात निकासियो अंथरुणाला खिळला. त्याला गिळवेना, मला ओढण्याइतका दमही उरला नाही. मी पेल्यात नुसती उभी असायची. एका दुपारी नेलिदाने येर्बा केली, निवू दिली, बोटाला मऊ कापड गुंडाळून त्यात बुडवलं, ठसका लागू नये म्हणून नीट पिळलं, आणि त्याच्या ओठांवरून, हिरड्यांवरून फिरवलं. त्याने डोळे उघडले नाहीत, पण तिचं बोट तो चोखत राहिला. तिने हात मागे घेतला तर त्याने ओठ पुढे केले. ती पुन्हा पुन्हा बुडवत राहिली. आयुष्यभर जे काम मी केलं ते त्या दिवशी एका चिंधीने माझ्याहून चांगलं केलं, आणि मला तिचा हेवा वाटला नाही. पहाटे तो गेला. त्याचं तोंड स्वच्छ होतं, आणि त्यात त्याच्या आवडीची कडू चव होती.

मित्रांनो, तुमच्या घरातलं म्हातारं माणूस ताट बाजूला सारायला लागलं, तर वयाच्या नावाने मोकळे होऊ नका. त्यांच्याजवळ बसा, तोंड उघडायला सांगा आणि आत बघा. आत काहीही दिसलं तरी आपला चेहरा सांभाळा. म्हाताऱ्या माणसांना ऐकू कमी येतं, पण आपल्याकडे बघून कोणी नाक मुरडलं तर ते त्यांना लांबूनही दिसतं.