लाल दोऱ्याची खोळ

घरात मला भित्री भागूबाई म्हणतात आणि ते काही खोटं नाही. मी कुत्र्याला घाबरते, कठडा नसलेल्या जिन्याला घाबरते, फोन दोनदा वाजून बंद पडला तरी घाबरते. आणि आमचा धंदा काय, तर डोंगरावर मुक्कामाला जाणाऱ्यांना सामान भाड्यानं देण्याचा! नवरा माणसं वर घेऊन जातो, मी खाली दुकानात त्यांच्या सॅक भरते. बावीस वर्षांत मी स्वतः एकदाही वर गेलेली नाही.

भरण्यात मात्र माझा हात कोणी धरणार नाही. उन्हाळ्यात आधी पाणी, मग बाकीचं. पावसाळ्यात सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची दुसरी पिशवी, आणि झोपतानाचे मोजे त्यातही वेगळे बांधून. हिवाळ्यात टॉर्चचे सेल अंगातल्या खिशात, कारण थंडीनं ते मरतात. पाण्याची बाटली उलटी, कारण पाणी वरून गोठतं आणि झाकण बसलं की संपलं. हे सगळं मी तोंडपाठ सांगते. लोक मान डोलावतात. बाईंनी किती डोंगर पालथे घातले असतील, असं त्यांना वाटत असणार.

आमच्या स्लीपिंग बॅगा सगळ्या एकाच हिरव्या रंगाच्या. कोणती कधीची ते दोऱ्यावरून कळतं: लाल दोरा हिवाळ्याची, पिवळा उन्हाळ्याची. नवऱ्याचा नियम असा, की दोरा बॅगेलाच बांधायचा, वरच्या खोळीला नाही. पण तो मेला दोरा दर वेळी चेनमध्ये अडकायचा. म्हणून यंदा मी डोकं चालवलं आणि दोरे खोळींवर शिवून टाकले. बॅगा गच्चीवर वाळवून मी परत खोळींत भरल्या, हाताला जाडी बघून. तरी काळजी नव्हती, कारण माझी एक सवय आहे. भरताना एकदा, तोंड बांधताना एकदा आणि माणसाच्या हातात देताना एकदा, अशी तीनदा मी खोळीत हात घालून बघते.

त्या दिवशी तिसऱ्यांदा बघितलं नाही. दुसऱ्यांदाही नाही.

नवऱ्याचा पाय प्लॅस्टरमध्ये होता, म्हणून लेक पहिल्यांदाच एकटी सात जणांना घेऊन निघाली होती. सातही एकाच शाळेतले शिक्षक. बाहेर जीप घरघरत होती. मी खोळीची गाठ सोडायला लागले तशी लेक सगळ्यांसमोर म्हणाली, "आई, पुरे ना! तू बॅगा देतेस का परीक्षा घेतेस?" शिक्षक हसले. मला राग आला, स्वतःचाच. म्हटलं, घे बाई, जा. आठही खोळी तिनंच उचलून जीपमध्ये टाकल्या.

दुपारी एक वाजता मी उन्हाळ्याचा माल माळ्यावर टाकायला घेतला. पिवळ्या दोऱ्याची एक खोळ उघडली, बॅग बाहेर ओढली आणि ती माझ्या हातात फुगतच गेली. गादीसारखी जाड. हिवाळ्याची.

ही इथं, म्हणजे हिच्या जागी एक पातळ बॅग वर गेली. ती दहा अंशांपर्यंत चालते. वर आज उणे आठ होणार होतं. ते मीच सकाळी फळ्यावर खडूनं लिहिलं होतं.

आणि ती कोणाच्या वाट्याला येणार, तेही मला ठाऊक होतं. आमच्याकडे माणसं वर नेणाऱ्यानं शेवटी उरलेली किंवा खराब निघालेली वस्तू स्वतः घ्यायची. लेकीनं खोळ उघडली असती, पातळ बॅग बघितली असती आणि तोंडातून ब्र काढला नसता. आईची चूक सात लोकांसमोर कशी सांगायची, म्हणून रात्रभर कुडकुडत पडली असती. उणे आठात कुडकुडणं कधी थांबतं आणि ते थांबलं की काय होतं, हे नवऱ्यानं मला एकदा सांगितलं होतं. पुन्हा कधी सांगू नका, असं मी त्याला म्हटलं होतं.

फोन लागेना. मुक्कामाच्या त्या पठारावर कधीच लागत नाही.

"अहो, मी जाते," मी म्हणाले.

नवरा काउंटरमागच्या स्टुलावर पाय ठेवून बसला होता. तो हसेल असं मला वाटलं. तो हसला नाही, त्यामुळे मी जास्तच घाबरले.

"सूर्य साडेपाचला जातो," तो म्हणाला. "वाटेवरचे खुणेचे पांढरे दगड सोडू नकोस. दगड दिसेनासा झाला की थांब, मागे फीर. पुढे जाऊन शोधू नकोस. ऐकतेयस ना?"

मी माझी सॅक भरली. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची. सेल आतल्या खिशात घालताना दोन खाली पडले.

जीपवाल्यानं रस्ता संपतो तिथं सोडलं. त्याच्या हृदयावर शस्त्रक्रिया झालेली, चढ बंद. "वहिनी, मी इथंच थांबतो. सातपर्यंत खाली आला नाहीत, तर पोचलात असं समजतो," तो म्हणाला. पोचलात असं समजतो! दुसरंही काही समजता येतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

अडीच तासांची वाट होती. पहिला तास मी फक्त दगड मोजले. डावीकडे दरी होती. मी उजवीकडच्या कातळाला हात लावून, जवळजवळ त्याला चिकटून चालत होते. एका ठिकाणी वाट पाऊलभर उरली. तिथं माझी पाचावर धारण बसली. मी खाली बसले आणि बसल्या बसल्या सरकत गेले, रडत, मोठ्यानं, कारण ऐकायला कोणी नव्हतं. छत्तिसाव्या दगडानंतर सदतिसावा दिसेना. ऊन गेलं होतं. मी थांबले, मागे फिरले, छत्तीसला हात लावला आणि परत बघितलं. गवताखाली होता. बाटलीतून घोटभर पाणी प्यायले. उलटी ठेवली होती म्हणून झाकण उघडलं.

तंबू दिसले तेव्हा उजेड जेमतेम उरला होता. लेक स्टोव्हपाशी वाकली होती. तिनं वर बघितलं. मला वाटलं, ती हसेल, ओरडेल, आई तू, म्हणेल. तिच्या हातातलं भांडं पडलं.

"बाबा?" ती म्हणाली. "आई, बाबांना काय झालं?"

माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी डोंगर चढून आले, म्हणजे घरात कोणीतरी गेलं असणार. दुसरं कारण तिला सुचूच शकत नव्हतं. कशालाही न घाबरणारी माझी पोर तिथं गुडघ्यांवर बसली होती, आणि मी धापा टाकत होते.

"बरे आहेत," मी कसंबसं म्हणाले. "बाबा बरे आहेत गं. बॅग चुकली. बॅग."

तिनं मला धरलं, मग दोन्ही मुठींनी माझ्या खांद्यावर मारलं, मग परत धरलं. "बॅगेसाठी? एकटी? तुला काही झालं असतं म्हणजे?"

"तुझी बॅग दाखव आधी."

तिनं तंबूतून खोळ आणून उघडली. बॅग फुगली. जाड होती, हिवाळ्याचीच. आम्ही दोघी तिच्याकडे बघत राहिलो. मग लेकीचा चेहरा पांढरा पडला आणि ती पळाली.

एकेका तंबूत टॉर्च मारत तिनं बॅगा चाचपल्या. कडेच्या तंबूत सगळ्यांत वयस्कर बाई होत्या, चित्रकलेच्या. चढून दमल्या म्हणून तासापूर्वीच आत शिरलेल्या. टोपी, स्वेटर, सगळं चढवून बाई त्या पातळ बॅगेत मुटकुळं करून पडल्या होत्या. ओठ निळसर दिसत होते.

"बाई, सांगायचं नाही का?" लेक जवळजवळ ओरडली.

"मला वाटलं, असंच असतं," बाई म्हणाल्या. दात वाजत असल्यानं त्यांना ते दोनदा म्हणावं लागलं. "तुमचं हे रोजचं. उगाच कटकट कशाला?"

मी आणलेल्या बॅगेत आम्ही त्यांना घातलं. लेकीनं गरम पाण्याच्या दोन बाटल्या मोज्यांत गुंडाळून त्यांच्या पोटाशी दिल्या. बऱ्याच वेळानं बाईंना साखर जास्त घातलेला चहा हवासा वाटला. तेव्हा कुठे आम्ही श्वास घेतला.

अंधारात खाली जाणं शक्यच नव्हतं. आम्ही मायलेकी एकाच तंबूत झोपलो. खाली पातळ बॅग पसरली, वरून जाड बॅग चेन उघडून पांघरली. बाहेर वारा कापड ओढत होता आणि मी प्रत्येक आवाजाला दचकत होते.

लेक उठली. टॉर्च घेऊन बाईंच्या तंबूकडे गेली, हात लावून बघून आली. तासाभरानं परत गेली. पहाटेच्या आधी पुन्हा उठली, तेव्हा मी डोळे मिटून पडले होते.

तीनदा. मी मोजलं, पण तिला हसले नाही.